पोटावरचा हात आणि आतड्यातला दाह : एक शोधनिबंध वाचताना

मापन आणि उपकरणशास्त्र हा माझा शिकवण्याचा विषय. दिल्लीलगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी तो गेली बरीच वर्षे शिकवतो आहे. या टिपणात मात्र थर्मोकपल नाही की लोडसेल नाही. एक वैद्यकीय शोधनिबंध आपण मापनाच्या नजरेने वाचणार आहोत. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. औषध कोणते घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एखाद्या आकड्याने नेमके काय मोजले आणि काय मोजलेच नाही, हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

हा निबंध माझ्या हातात आला तो एका विद्यार्थ्यामुळे. तिसऱ्या वर्षाचा मुलगा, प्रयोगशाळेच्या तासाला दोन-तीनदा उठून बाहेर जायचा. हजेरीवरून बोलावले तेव्हा कळले की त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मेसालामाइनच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी बरे होते. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मावशीने त्याला गाझियाबादला एकाकडे नेले. आपल्याकडे 'बेंबी सरकली' म्हणतात, इकडे हिंदी मुलखात 'धरण' किंवा 'नाभि खिसकना' म्हणतात. ती जागेवर बसवणारे लोक पूर्वी बेंबीवर दिवा ठेवून तांब्या पालथा घालायचे. आता त्यांच्याकडे गुबगुबीत टेबल असते, भिंतीवर आतड्यांचा तक्ता असतो. चार-पाच वेळा पोट दाबून, चोळून घेतल्यावर मुलाचा गुबारा कमी झाला, कळा कमी झाल्या, झोप लागू लागली. "सर, मैंने गोलियाँ आधी कर दी हैं," तो म्हणाला. आणि तिथूनच मिळालेला एका निबंधाच्या सारांशाचा छापील कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला. एका वाक्यावर पिवळी रेघ मारलेली होती. वर्गात मीच सतत म्हणत असतो, पुरावा दाखवा. त्याने दाखवला.

आजाराविषयी थोडे. दाहक आंत्रविकार, म्हणजे बोलण्यात ज्याला आयबीडी म्हणतात, त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जाते. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर उतरतो. पाश्चात्त्य देशांचा आजार म्हणून तो आपल्याकडे फार काळ दुर्लक्षिला गेला. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर पाहणी करून २००३ साली जे आकडे छापले, त्यांत लाखामागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. दोनशे-अडीचशे विद्यार्थ्यांच्या वर्गात असा एखादा असेलच असे नाही, पण दहा-पंधरा हजारांच्या विद्यापीठात पाच-सात जण असायला हरकत नाही.

या आजाराचे एक विचित्र वैशिष्ट्य आहे आणि पुढची सगळी चर्चा त्यावरच उभी आहे. दाह शांत झाला, म्हणजे रोग रेमिशनमध्ये गेला, तरी कित्येकांचे पोट दुखत राहते, फुगत राहते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. ही लक्षणे आयबीएससारखी असतात. आयबीएसमध्ये आतड्याला जखम नसते, पण आतड्याच्या संवेदना तीव्र झालेल्या असतात. २०१२ साली हॅल्पिन आणि फोर्ड यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा रेमिशनमधल्या सुमारे ३५ टक्के रुग्णांना अशी लक्षणे असल्याचे दिसले. उलटही घडते. पोट अगदी शांत आणि आत अस्तर सुजलेले. थोडक्यात, 'मला कसे वाटते' आणि 'आत काय चालले आहे' हे दोन वेगळे सिग्नल आहेत. ते बऱ्याचदा बरोबर चालतात, म्हणून आपण एकावरून दुसरा ओळखतो, आणि ज्या दिवशी त्यांची फारकत होते त्या दिवशी फसतो.

आता तो निबंध. फ्रान्समधल्या नीस शहरातल्या पिश आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ साली युरोपातल्या एका पोटविकारांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रुग्ण ३८, सगळे क्रोन्सचे, सगळे रेमिशनमध्ये, आणि तरीही आयबीएससारखी लक्षणे असलेले. त्यांपैकी २५ जणांवर ऑस्टिओपॅथीचे उपचार झाले. ऑस्टिओपॅथी म्हणजे हातांनी दाबून, ताणून, हलवून करायची उपचारपद्धती. उरलेल्या १३ जणांवर ती झाली नाही. दोन महिन्यांच्या आत पुन्हा विचारणा केली तेव्हा उपचार घेतलेल्यांची लक्षणे कमी झालेली होती, जगण्याची प्रतही सुधारलेली होती. पिवळ्या रेघेचे वाक्य हेच.

प्रथम निबंधाच्या बाजूने बोलू, कारण टीका म्हणजे झोडपणे अशी आपल्या मुलांची समजूत झालेली असते. शीर्षकातच लेखकांनी आपली मर्यादा आखून घेतली आहे. ते आयबीएससारख्या लक्षणांविषयी बोलतात, आणि तेही रेमिशनमधल्या रुग्णांविषयी. क्रोन्स बरा होतो असे ते कुठेही म्हणत नाहीत. दुसरे, तुलनेसाठी एक गट ठेवला आहे. हे महत्त्वाचे, कारण माणूस उपचाराला जातो तो त्रास जास्त असताना. चढ-उतार होणारा कोणताही सिग्नल शिखरावर पकडला तर पुढचे वाचन बहुधा खालीच येते, तुम्ही काही करा वा करू नका. तुमच्या भाषेत सांगायचे तर हे सरासरीकडे परतणे झाले. नियंत्रण गटालाही ते लागू होते, त्यामुळे एवढ्यापुरती चूक वजा होते. या विषयावरची कित्येक कामे इतकेही करत नाहीत.

पण त्या १३ जणांना काय मिळाले? ऑस्टिओपॅथी नाही, एवढेच. इतरांना मात्र मिळाला शांत खोलीतला निवांत वेळ, आपले म्हणणे ऐकून घेणारा माणूस, उबदार हात आणि 'माझ्यासाठी काहीतरी विशेष चालले आहे' ही भावना. दोन गटांतला फरक म्हणजे ऑस्टिओपॅथी अधिक हे सगळे. एका समीकरणात दोन अज्ञात राशी ठेवून त्यांतल्या एकीची किंमत काढता येत नाही. अंतिम वर्षाचा विद्यार्थीही हे सांगेल.

गंमत अशी की याच नीसच्या गटाने दोनच वर्षांपूर्वी अधिक चांगला प्रयोग केला होता. २०१२ सालचा फ्लोरान्स आणि सहकाऱ्यांचा निबंध, आयबीडी नसलेल्या आयबीएसच्या ३० रुग्णांवरचा. २० जणांना खरी ऑस्टिओपॅथी, १० जणांना दिखाऊ, म्हणजे हात ठेवायचा पण तंत्र वापरायचे नाही. सातव्या दिवशी खऱ्या उपचाराचा गट स्पष्टपणे पुढे होता. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही गट पूर्वीपेक्षा बरे होते, पण त्यांच्यातला ठळक फरक टिकला नव्हता. म्हणजे जिथे दिखाऊ हात तुलनेला होता तिथे महिनाभरात अंतर मावळले, आणि जिथे हातच नव्हता तिथे ते टिकलेले दिसले. दोन निबंधांतले रुग्ण वेगळे आहेत, संख्या लहान आहेत, त्यामुळे यावरून ठाम निकाल द्यायचा नाही. पण कुणी तुमच्यापुढे २०१४ चा कागद ठेवला तर २०१२ चा कुठे आहे, हे विचारायला हवे. क्लिनिकच्या कागदावर तो नव्हता.

नुसत्या लक्ष देण्याने किती फरक पडू शकतो, याचा माझ्या माहितीतला सर्वांत सुंदर प्रयोग बोस्टनच्या कॅपचुक यांचा आहे, २००८ सालचा. आयबीएसचे २६२ रुग्ण, तीन गट. पहिल्याला नुसते प्रतीक्षायादीवर ठेवले. दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या सुईचे खोटे अक्युपंक्चर, तेही कोरडेपणाने, फारसे न बोलता. तिसऱ्याला तेच खोटे अक्युपंक्चर, पण देणारा माणूस आपुलकीने विचारपूस करणारा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. सुई एकदाही आत गेली नाही. ज्या लोकांना बरे वाटले त्यांना खरेच बरे वाटले, ते खोटे बोलत नव्हते, हेही विसरू नका. 'प्लासिबो' शब्द उच्चारताना आपण जो कुत्सित सूर लावतो तो मला आवडत नाही.

इथे थोडे गणित करू. कुणाला हातांच्या तंत्राचा स्वतःचा परिणाम या आपुलकीपासून वेगळा काढायचा असेल, आणि तो ४४ वरून ६२ टक्क्यांइतका मोठा आहे असे उदारपणे धरले, तर किती रुग्ण लागतील? नेहमीची पाच टक्क्यांची सार्थकता पातळी आणि ८० टक्के सामर्थ्य घेऊन दोन प्रमाणांच्या तुलनेचे सूत्र लावा. एका गटात सुमारे १२० येतात, दोन्ही मिळून २४०. आता २५ आणि १३ हे आकडे पुन्हा वाचा. परिणाम निम्मा असेल तर लागणारी संख्या साधारण चौपट होते, कारण छेदात फरकाचा वर्ग आहे. हे गणित वहीत करून पाहाच.

आता मोजपट्टीकडे वळू. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

आयबीएसची तीव्रता मोजायची प्रचलित पट्टी पाच प्रश्नांची आहे, प्रत्येकाला १०० गुण, एकूण ५००. दुखणे किती, किती दिवस, पोट किती फुगते, शौचाबाबत समाधान किती, आयुष्यात अडथळा किती. सगळी उत्तरे रुग्णाची. लक्षणे मोजायला ती योग्यच आहे. पण क्रोन्सचा 'रोग किती सक्रिय' हे सांगणारी जुनी आणि प्रतिष्ठित पट्टी, १९७६ पासून वापरात असलेला सीडीएआय निर्देशांक, तीही बऱ्याच अंशी रुग्णाच्या डायरीवर उभी आहे. तिच्यात आठ घटक आहेत. पोटदुखीला रोज ० ते ३ गुण, सात दिवसांची बेरीज, गुणिले ५. एकूण कसे वाटते याला रोज ० ते ४ गुण, सात दिवसांची बेरीज, गुणिले ७. निर्देशांक १५० च्या खाली गेला की रेमिशन. ७० गुणांनी उतरला की अनेक जुन्या चाचण्यांत त्याला 'प्रतिसाद' म्हणत, पुढे काहींनी ती मर्यादा १०० केली.

समजा एका रुग्णाचा निर्देशांक २३० आहे. आठवडाभर त्याने पोटदुखीला रोज २ ऐवजी १ गुण दिला : ७ गुणिले ५, म्हणजे ३५ कमी. 'कसे वाटते' यालाही २ ऐवजी १ दिला : ७ गुणिले ७, ४९ कमी. एकूण ८४. निर्देशांक १४६ झाला. कागदावर रोग रेमिशनमध्ये गेला! आतड्यातला एकही व्रण भरलेला नसताना हे होऊ शकते. दोनच उत्तरे एकेका पायरीने सरकली, आणि मघाशी पाहिले तसे, कुणी प्रेमाने पोटावर हात ठेवला तरी ही उत्तरे सरकू शकतात. म्हणून 'आयबीडीमध्ये सुधारणा' असे वाचले की पहिला प्रश्न, सुधारणा कोणत्या पट्टीवर?

दुसरे उपकरण वेगळ्या जातीचे आहे. दाह असेल तिथे न्यूट्रोफिल पेशी जमतात, त्यांच्यात कॅलप्रोटेक्टिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते, आणि ते शौचातून बाहेर पडते. शौचाच्या नमुन्यात ते दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर सहसा चिंता नसते. २५० च्या पुढे गेले तर आत दाह असण्याची शक्यता बळावते. संसर्गाने किंवा काही वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते, तेव्हा तेही निर्दोष उपकरण नव्हे. आणखी थेट पाहायचे तर कोलोनोस्कोपी आहेच. मुद्दा असा की या उपकरणाला रुग्णाची मनःस्थिती कळत नाही.

दोन्ही जातींची उपकरणे एकाच प्रयोगात ठेवल्याचे उदाहरण आमच्या दिल्लीतच आहे. एम्समध्ये झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला शर्मा आणि सहकाऱ्यांचा योगाचा अभ्यास. योग म्हणजे हाताने केलेला उपचार नव्हे, हे मान्य. पण प्रश्न तोच आहे, शरीरमार्गे मनाला आणि पोटाला आराम देण्याचा. रेमिशनमधले १०० रुग्ण, ६० कोलायटिसचे आणि ४० क्रोन्सचे. एका गटाला नेहमीच्या औषधांसोबत आठ आठवडे योग, दुसऱ्याला नुसती औषधे. कोलायटिसच्या रुग्णांत चिंतेची पातळी घटली, सांधेदुखीची तक्रार कमी झाली. रक्तातले दाहाशी संबंधित जे घटक मोजले होते त्यांत लक्षणीय बदल नाही. लेखकांनी हे दोन्ही छापले. वर्तमानपत्री मथळ्याला दुसरा भाग अडचणीचा असतो, पण विज्ञानाच्या दृष्टीने अभ्यासाची किंमत त्याच भागामुळे वाढते. दोष आहेच : इथेही तुलनेला दिखाऊ योगाचा गट नव्हता, त्यामुळे चिंता कशाने घटली हा प्रश्न उरतोच. मात्र इथे कुणाचे औषध काढून घेतलेले नव्हते, आणि माझ्यापुढे बसलेल्या मुलाच्या बाबतीत नेमका हाच फरक होता.

मग हाताने काहीच होत नाही का? तसे मला म्हणायचे नाही. आयबीडीच्या काही रुग्णांत शौचाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळतात. तिथे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून ते स्नायू ओळखायला आणि सोडायला शिकणे हा सन्मान्य उपचार आहे. शस्त्रक्रियेनंतर पोटात तयार होणारे चिकटबंध मालिशने सुटतात, असाही दावा ऐकू येतो. त्यामागे २०१२ सालचा बोव्ह आणि शॅपेल यांचा एक अभ्यास आहे, उंदरांवरचा. उंदराचे पोट बोटभर जाडीचे. तिथून माणसाच्या पोटापर्यंतची उडी अजून कुणीतरी मोजायची आहे.

आणि जोखीम? शांत पोटावरून हलका हात फिरवण्यात फारशी नाही. पण रोग भडकलेला असताना आतडे सुजलेले आणि कमकुवत असते, क्रोन्समध्ये पोटात गळू किंवा आतड्याला अरुंदपणा असू शकतो. अशा पोटात खोल दाब देणे म्हणजे भेगा गेलेल्या पाइपची दाबचाचणी घेणे. आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांची चित्रे इतकी सारखी दिसतात की ते वेगळे ओळखणे हा एम्समधल्या डॉक्टरांच्या संशोधनाचा एक मोठा विषय आहे. जे दुर्बिणीला आणि बायॉप्सीला अवघड जाते ते बेंबीवर अंगठा ठेवून कळते, असे कुणी म्हणत असेल तर उठून यावे.

त्या मुलाच्या निम्म्या गोळ्यांकडे परत येतो. २००३ साली केन आणि सहकाऱ्यांनी मेसालामाइनवर स्थिर असलेल्या कोलायटिसच्या ९९ रुग्णांचा पाठपुरावा केला. ठरवून दिलेल्या मात्रेच्या ८० टक्क्यांहून कमी औषध घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका पाचपटीहून अधिक निघाला. नियमित घेणाऱ्यांना रेमिशन टिकण्याची शक्यता ८९ टक्के, टाळणाऱ्यांना ३९. तेव्हाही ते लोक गोळ्या का टाळत होते? बरे वाटत होते म्हणून टाळणारे त्यांत असणारच. दाह दाबून ठेवणारी गोळी काम करत असताना काहीच जाणवत नाही. टेबलावरचा हात मात्र त्याच संध्याकाळी जाणवतो. श्रेय कुणाला जाणार हे उघड आहे.

मुलाला मी यातले सगळे सांगितले नाही. सीडीएआयचे गणित फळ्यावर केले, २३० वजा ८४, आणि विचारले की तुझ्या मावशीकडच्या डॉक्टरांनी, म्हणजे त्या गृहस्थांनी, यातला कोणता आकडा मोजला. तो गप्प बसला. मग म्हणाला, "उन्होंने पूछा था, कैसा लग रहा है." गोळ्यांचे काय करायचे ते मला विचारू नकोस, ज्यांनी लिहून दिल्या त्यांना निम्म्या केल्याचे खरेखरे सांग, एवढे मी बोललो. त्याच्या डॉक्टरांनी कॅलप्रोटेक्टिन करायला लावले. पोट अजिबात दुखत नव्हते त्या आठवड्यात आकडा सहाशेच्या वर आला. मात्रा पूर्ववत झाली, वर काही दिवस आणखी एक औषध लागले. सेमिस्टर वाचले, एक अंतर्गत परीक्षा तेवढी बुडाली.

गाझियाबादला तो अजून महिन्यातून एकदा जातो. हलका हात, खोल दाब नाही, अशी अट त्याच्या डॉक्टरांनी घातली आहे. मला विचारले तेव्हा मी हरकत घेतली नाही. फक्त दोन रकाने पाडून वही ठेवायला सांगितली : एकात रोज कसे वाटते ते, दुसऱ्यात तपासणीची तारीख आणि आकडा. परवा त्याने ती दाखवली. पहिला रकाना भरलेला आहे, दुसऱ्यात तीन नोंदी आहेत, आणि दोन जागी दोन रकान्यांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही.